लिलावात घेतलेली पंधरा वर्षांची गाडी: बोलीपासून रस्त्यापर्यंतच्या नोंदी

आधी एक खुलासा. खर्च रकमेत लिहिलेला नाही. जिथे तिथे दर वेगळे, त्यामुळे माझे आकडे कुणाच्या कामाचे नाहीत. ज्या बोलीवर गाडी सुटली तिला १०० धरलंय आणि बाकी सगळं त्या मापात मांडलंय. जुनी गाडी ऑनलाइन लिलावात घेताना बोलीवर आणखी किती चढतं हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं, म्हणून या नोंदी ठेवल्या.

१ फेब्रुवारी

गाडी हेरली. पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, चार दारांची, वय १५ वर्षं, मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर. वर्णनात तीनच ओळी: ‘इंजिन चालू, टायमिंग बेल्ट बदललेला, किल्ली एक’. (टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा रबरी पट्टा.) खाली बारीक अक्षरात ‘जशी आहे, जिथे आहे’. म्हणजे गाडी एकदा आपल्या नावावर लागली की पुढचं दुखणं आपलं. ही अट मी वाचली होती, पण तिचा अर्थ मला मार्चमध्ये कळला.

कागदावर मर्यादा लिहिली: बोली ९० च्या वर नाही. वरचा खर्च २५ धरला. हा २५ कुठून आला विचाराल तर अंदाजपंचे.

४ फेब्रुवारी

रात्रभर फोटो बघत बसलो. एकूण २४. फोटोंत जे दिसतं त्यापेक्षा जे टाळलंय ते बघायचं, हे दुसऱ्या तासाला सुचलं.

गाडी ओली असताना फोटो काढलेत. ओल्या पत्र्यावर पोचे आणि रंगातला फरक दोन्ही लपतात. डॅशबोर्डचा फोटो आहे, पण इंजिन बंद असतानाचा, म्हणजे इशाऱ्याचा एकही दिवा दिसायची सोय नाही. उजव्या बाजूचे पाच फोटो आणि डाव्या बाजूचा एकच, तोही लांबून.

टायरचा फोटो मोठा केला. टायरच्या कडेला डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. एकावर १४१५, म्हणजे २०१५ चा चौदावा आठवडा. दुसऱ्यावर ३०१७. चार चाकांवर तीन कंपन्यांचे टायर. नक्षी अजून बरी दिसत होती, पण रबराचं वय नक्षीवरून कळत नाही. टायर बदलायचे, असं तिथल्या तिथे हिशेबात टाकायला हवं होतं. ‘बघू नंतर’ म्हटलं.

चासी नंबर १७ अक्षरांचा. फोटो धुरकट असल्यामुळे एका जागी ८ आहे की बी, हे लागेना. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. त्यामुळे बाकीच्या शंका मिटल्या. पण ८ आणि बी ही जोडी शिल्लक राहिली, ती पाहणीच्या दिवशी काचेखालची पट्टी बघून मिटवली. कागदावरचा नंबर आणि पत्र्यावरचा नंबर एकच आहे, एवढं तरी नीट केलं.

७ फेब्रुवारी

पाहणीचा दिवस. गाडी चालवायला देत नाहीत, फक्त सुरू करून दाखवतात. एका गाडीला वीस मिनिटं. सोबत टॉर्च, रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि जुनी चटई नेली.

जाडीचं यंत्र कामाला आलं. कारखान्यातला मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. बहुतेक पत्रा १२० च्या आगेमागे भरला. डावा मागचा दरवाजा २६०. पुट्टी असती तर आकडा आणखी बराच चढला असता, म्हणजे दरवाजा नुसता परत रंगवलाय. डाव्या बाजूचा एकच फोटो का, ते कळलं. ही गोष्ट मला चालण्यासारखी होती.

आता चुका. मी पोचलो तेव्हा बॉनेट कोमट होतं. आमच्या आधी कुणीतरी इंजिन फिरवून ठेवलं होतं. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जो धूर आणि जी खडखड कळते ती गरम इंजिनात कळत नाही. मला तेव्हाच ‘उद्या सकाळी पहिला नंबर द्या’ म्हणता आलं असतं. भिडेखातर बोललो नाही.

दुसरी चूक याहून मोठी. चटई घेऊन गाडीखाली आडवा पडलो, गंज बघितला, ऑइलची गळती बघितली, ऑइलचं झाकण उघडून आत दुधी फेस नाही हेही बघितलं. पण आत बसल्यावर पुढच्या डाव्या सीटसमोरचं कार्पेट हाताने दाबलं नाही. पाच सेकंदांचं काम. वास आला होता. काचा बंद असल्यामुळे कोंदट झालं असेल, अशी मीच स्वतःची समजूत घातली.

९ फेब्रुवारी

लिलाव. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांनी पुढे सरकतं. शेवटच्या सेकंदाला झडप घालू हा बेत त्यामुळे बाद.

आपली कमाल रक्कम आधी भरून ठेवली तर यंत्रणा आपल्या वतीने लागेल तेवढीच बोली चढवत नेते. मी ९० भरून गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी हाताने खेळत बसलो. ८२ पर्यंत चौघं होते, ८६ नंतर मी आणि आणखी एक. माझ्या ८८ वर समोरच्याने ९० केलं. तिथे लॅपटॉप मिटायचा. बायको शेजारीच होती, तिने कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, दोनच तर आहेत. त्या ‘दोनच’च्या पायऱ्या चढत ९६, ९८, १००. समोरचा थांबला. मला आनंद झाला तो जेमतेम मिनिटभर. नंतर डोक्यात आलं, जगात या गाडीला सर्वांत जास्त किंमत द्यायला तयार असलेला माणूस मीच निघालो.

लगेच पावती आली. लिलावाची फी ७. ती बोलीवर टक्क्यात असते, म्हणजे हट्टाने चढवलेल्या दहावरही फी भरली.

१७ फेब्रुवारी

आठवडा कागदांत गेला. पैसे भरल्यापासून पाच दिवस गाडी आवारात फुकट ठेवतात, पुढे दिवसाला भाडं. बँकेतून मोठी रक्कम हलवायला एक दिवस, आधीच्या मालकाच्या सहीचा एक कागद राहिलेला म्हणून दोन दिवस. भाड्याचे २ गेले. तो कागद नाही हे जिंकायच्या आधी फोन करून विचारता आलं असतं. नावावर करायचा खर्च ३.

१८ फेब्रुवारी

गाडी स्वतः चालवत आणायची की ट्रकवर घालून, यावर मेव्हण्याशी वाद. तो म्हणाला, ‘भावजी, चालू गाडी ट्रकवर कोण आणतं?’ मी ट्रकच केला, ४ मोजून. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नाही, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) किमान रेषेच्या खाली, टायर आठ-दहा वर्षांचे. अशा गाडीने लांबचा पल्ला नको.

या सगळ्या भानगडीत घेतलेला हा एकमेव निर्णय, ज्याबद्दल आजही मला काही बदलावंसं वाटत नाही.

उतरवताना बॅटरी झोपलेली. ढकलत आत घेतली.

२० फेब्रुवारी

बॅटरी चार्ज केली, गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला. एकही दोष नोंदलेला नाही. खूश व्हायच्या आधी दुसरं पान उघडलं. गाडीचा संगणक प्रदूषणाशी संबंधित चाचण्या स्वतःच चालवत असतो आणि त्या पूर्ण झाल्या की नाही, तेही सांगतो. इथे जवळजवळ सगळ्या अपूर्ण. दोष पुसले किंवा बॅटरी काढली की हे होतं. आता आमची बॅटरी मेलेलीच होती, त्यामुळे मुद्दाम पुसलं म्हणायलाही जागा नाही. कोरी पाटी एवढाच अर्थ.

२३ फेब्रुवारी

कार्पेट ओलं. वर हात फिरवला तर कोरडं, दाबलं तर बोटांच्या मध्ये पाणी.

पहिला विचार सगळ्यांना येतो तोच: पुरातली गाडी. पोटात गोळा आला. रात्री अकराला टॉर्च घेऊन बसलो. पुढचे दोन्ही सीट बेल्ट पार शेवटापर्यंत ओढले. गाडी बुडाली असेल तर आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते, तिथे सहसा कुणी धूत नाही. पट्टे स्वच्छ. सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले नाहीत. सीटखालच्या वायरींचे जोड उघडले, आत हिरवट बुरशी नाही. स्टेपनीच्या खळग्यात धूळ, पण कोरडी. मागचं कार्पेट कोरडं. पूर नव्हे. झोप लागली.

२४ ते २७ फेब्रुवारी

मग पाणी येतं कुठून? चार दिवस यात गेले, त्यातले दोन फुकट.

हीटरचं रेडिएटर आत फुटलं तर कूलंट नेमकं इथेच येतं, आणि कूलंट कमी होतंच. ओल्या स्पंजवर पांढरा टिश्यू दाबला. रंग नाही, गोडसर वास नाही, बोटांना तेलकटपणा नाही. साधं पाणी. एसीची पाण्याची नळी तुंबली असेल म्हणून एसी तासभर चालवला, नळी खाली व्यवस्थित ठिबकत होती. मग दरवाजाच्या रबरावर संशय घेतला, ते काढून उलटसुलट बसवलं, कडांना टेप लावली. दोन दिवस फुकट गेले ते यात.

शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. मुलीला आत टॉर्च देऊन बसवलं, कार्पेट उचललं, आणि बाहेरून नळीने एकेका जागी पाणी सोडलं. खालून सुरुवात. दरवाजाचा खालचा भाग, मग कड, मग छप्पर, मग पुढची काच. काचेवर पाणी सोडून दीड मिनिट झालं असेल, आतून ओरड: ‘बाबा, आलं, आलं!’ पंख्याच्या डब्याच्या कडेने धार.

वायपरखालचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. खाली पन्हळीसारखी जागा असते. काचेवरचं पाणी तिथे जमून दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकामागे खाली जायला हवं. डाव्या टोकाला कुजलेल्या पानांचा काळा लगदा, मूठभर. तो काढल्यावर गुडगुड आवाज करत सगळं पाणी खाली गेलं. खर्च शून्य. कार्पेटखालचा स्पंज मात्र वाळेना. सीट काढून, कार्पेट उचलून, पंखा लावून सहा दिवस लागले. वरून कोरडं झालं म्हणून तिसऱ्याच दिवशी बसवू नका. मी बसवलं, वास परत आला, सगळं पुन्हा उचकटलं. नवा स्पंज आणि क्लिपा मिळून अर्धा.

३ मार्च

टायमिंग बेल्टचं वरचं झाकण चार स्क्रूंचं. उघडलं. बेल्टच्या पाठीवर आडव्या बारीक भेगा, कडेचे धागे सुटलेले. ‘बदललेला’ खरंही असेल, फक्त कधी ते लिहिलं नव्हतं. या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग बेल्टच्या पैशांत भागत नाही. रबरी बेल्टला किलोमीटरइतकीच वर्षांचीही मुदत असते.

हे काम मी केलं नाही. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागेवर धरून ठेवायचं खास हत्यार माझ्याकडे नाही आणि एक दात चुकला तर काय होतं ते मला माहीत आहे. गॅरेजमध्ये दिली. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), बेअरिंग आणि वॉटर पंप एकदमच. पंप बेल्टच्याच मागे असतो. आज वाचवला आणि वर्षाने गळला तर मजुरी पुन्हा तेवढीच. तसंही पंपाच्या तोंडाशी वाळलेल्या कूलंटचा पांढरा माग होता. कूलंट कुठे जात होतं ते सापडलं. खर्च ९.

१० मार्च

ऐंशी किलोमीटर झाले आणि इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर दोषाचा कोड पी ०१७१. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी.

इथे मी जे केलं ते कुणी करू नये. शोध घेतला, ‘हवा मोजणारा सेन्सर खराब असू शकतो’ असं दिसलं, आणि सेन्सर मागवला. ४ गेले. बसवला, दोष पुसला, दोन दिवसांनी दिवा परत.

गॅरेजमधल्या मिस्त्रींना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, ‘साहेब, कोड म्हणजे तक्रार असते, निकाल नसतो. तुम्ही तक्रार वाचून माणूस फाशी दिला.’ त्यांनी स्कॅनरवर पेट्रोलच्या दुरुस्तीचा आकडा काढला. संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, तो हा आकडा. दहाच्या आत असेल तर चिंता नसते. आमची गाडी जागेवर उभी असताना अधिक २१. इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर नेलं तर अधिक ५.

यातच उत्तर होतं. सेन्सर खोटं मोजत असता तर हवा वाढल्यावर चूकही वाढली असती. इथे उलटं. म्हणजे कुठेतरी फटीतून न मोजलेली हवा आत घुसतेय. इंजिन कमी हवा घेत असताना तीच गळती मोठी ठरते, आणि फेऱ्या वाढल्यावर एकूण हवेत ती बुडून जाते.

मग त्यांनी हवेच्या मार्गात धूर सोडला. मिनिटभरात इंजिनच्या मागच्या अंगाला, इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या) खाली, धुराची बारीक रेघ उठली. इंजिनमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी रबरी नळी. वरून धडधाकट, पण खालच्या वाकणावर बोटाच्या पेराएवढी चीर. हात घालून दाबली तर इंजिनचा आवाज बदलायचा. नळीचा खर्च अर्धा, काढून बसवायला वीस मिनिटं. आकडा अधिक ३ वर आला. जुना सेन्सर परत बसवला, तो ठणठणीत आहे. नवा खोक्यात पडलाय. उघडलेला इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाहीत.

१९ मार्च

नवी बॅटरी (३) घालून गाडी पाच दिवस उभी ठेवली. सहाव्या सकाळी किल्ली फिरवली तर नुसती टकटक. भरलेल्या बॅटरीला १२.६ व्होल्ट यायला हवेत, आले ११.९.

मल्टिमीटर बॅटरीच्या वजा टोकाशी ओळीत जोडला, दरवाजे बंद केले. पहिला आकडा प्रचंड दिसतो, घाबरायचं नाही. गाडीतले संगणक झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात. बॉनेटचा दिवाही चालू राहू शकतो, तो मी आधी काढला होता. चाळीस मिनिटांनी आकडा ३८० मिलिअँपिअरवर थांबला. ५० च्या आत हवा. ३८० म्हणजे दिवसाला साधारण ९ अँपिअर-तास. ६० च्या बॅटरीतून पाच दिवसांत ४५ गेले.

एकेक फ्यूज काढत गेलो. एकाही फ्यूजवर आकडा हलेना. डोकं धरून बसलो असताना बॅटरीच्या अधिक टोकाकडून निघालेली एक लाल वायर दिसली, कारखान्याच्या वायरींपेक्षा जाड, पत्र्याच्या भोकातून आत गेलेली. आधीच्या कुणीतरी डिक्कीत ॲम्प्लिफायर बसवला होता. ॲम्प्लिफायर केव्हाच काढलेला, पण त्याला चालू करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) सीटखाली तसाच आणि सोबत चोर-अलार्मचा एक मेलेला डबा. दोन्ही फ्यूजच्या पेटीला वळसा घालून थेट बॅटरीवर. वायर सोडवली, आकडा २५.

२६ मार्च

टायर चारही नवे, ११. इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल मिळून ४. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. आमचं गर्द तपकिरी निघालं. पुढच्या चाकांचे लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले, ३. यात सांगण्यासारखं काही नाही, एक शनिवार गेला.

५ एप्रिल

दुसरी किल्ली, ३. एकच किल्ली असलेली गाडी वापरताना मन सारखं खिशाकडे जातं. किल्लीत इमोबिलायझरची चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. हातात एक चालती किल्ली असेल तोवर दुसरी जोडून घेणं सोपं. तीही हरवली तर काम कितीतरी वाढतं.

१२ एप्रिल

वरचा सगळा खर्च बेरजेत ५४. धरले होते २५. गाडी पडली १५४ ला. यातले दहा माझ्या हट्टाचे, चार खोक्यातल्या सेन्सरचे, दोन आवाराच्या भाड्याचे. लिलावाच्या आठवड्यात ओळखीतल्या एकाने त्यांची असलीच गाडी, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्यांसकट, १४० ला देऊ केली होती. मी ‘महाग आहे’ म्हणून सोडली.

मेव्हण्याला हे अजून सांगितलेलं नाही.

गाडी रोज चालते. गेल्या आठवड्यात थंड इंजिनाची पहिली सुरुवात मुद्दाम उभं राहून ऐकली. धूर नाही. दोन-तीन सेकंद वरच्या बाजूने टिकटिक येते आणि ऑइल चढलं की थांबते. उरलेलं काम: डाव्या मागच्या दरवाजाची काच अर्ध्यावर अडकते. दरवाजा रंगवताना आतला गाइड वाकडा बसवलाय, असा अंदाज आहे. पुढच्या रविवारी आतलं पॅनेल उघडणार.